तुरुंगातल्या माणसाशी पत्रमैत्री: पहिल्या पाकिटापासून शेवटच्या पत्रापर्यंत

तुरुंगात टपाल वाटताना नावं पुकारली जातात. ज्यांचं नाव वर्षानुवर्षं कुणी पुकारलेलं नाही अशी माणसं जवळपास प्रत्येक तुरुंगात असतात. आईवडील वारलेले, घरचे दुरावलेले, शिक्षा लांबलचक. अशा माणसाला एखाद्या अनोळखी व्यक्तीचं पत्र येणं ही मोठी गोष्ट असते. ते यायचं अचानक थांबणं ही त्याहून मोठी. म्हणून या कामात सुंदर भाषा, वळणदार अक्षर, मोठं मन हे सगळं नंतर. कबूल केलेल्या वेळी पत्र जाणं हे आधी. पुढच्या बहुतेक सूचना त्याच एका गोष्टीसाठी आहेत: पत्र हातात पडावं, वेळेवर पडावं आणि लिहिणाऱ्याला ते दीर्घकाळ झेपावं.

बाहेरच्या माणसांशी पत्रव्यवहार करू देणं ही तुरुंगाची मेहेरबानी आहे असा समज असतो. तसं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं डिसेंबर २०१५ मध्ये कैद्यांना द्यायच्या वागणुकीचे सुधारित किमान नियम मंजूर केले. ते नेल्सन मंडेला नियम म्हणून ओळखले जातात. त्यातला ५८ वा नियम सांगतो की आवश्यक त्या देखरेखीखाली कैद्याला कुटुंब आणि मित्रांशी ठरावीक काळानं संपर्क ठेवू द्यावा, आणि त्यात लेखी पत्रव्यवहार येतो. ‘देखरेखीखाली’ हा शब्द मात्र विसरू नका. तुमचं पत्र ज्याला लिहिलंय त्याच्या आधी दुसरं कुणीतरी उघडणार आणि बहुधा वाचणार, हे गृहीत धरूनच कागद पुढे ओढायचा.

आधी स्वतःशी ठरवा

किती वेळा लिहिणार? उत्साहाच्या भरात दर आठवड्याचं वचन दिलं जातं आणि तिसऱ्या महिन्यात ते मोडतं. महिन्याला एक पत्र हे बहुतेकांना झेपतं. तेवढंच कबूल करा. जमेल तेव्हा एखादं जास्तीचं पत्र गेलं तर आनंदच आहे, पण कबूल केलेलं चुकलं तर समोरचा आठवडे मोजत बसतो.

किती काळ? निदान सहा महिने लिहिता येणार नसेल, म्हणजे परीक्षा, बाळंतपण, परगावी बदली असं काही तोंडावर असेल, तर आत्ता सुरू करू नका. नंतर करा.

कोणत्या गुन्ह्यातल्या माणसाला लिहू शकाल? याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलांवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यातल्या माणसाला लिहिणं जमणार नाही असं वाटत असेल, तर ते आधीच मान्य करा आणि तशी निवड करा. चार पत्रांनंतर गुन्हा कळला म्हणून गप्प होण्यापेक्षा हे कितीतरी बरं. काही जण मुद्दाम गुन्हा न विचारता लिहितात, तेही चालतं. पण ‘मला कळलं तर काय करीन?’ याचं उत्तर तयार हवं.

आणि पत्ता. घरचा पत्ता द्यायचा की नाही हे पहिल्या पत्राच्या आधी ठरायला हवं, कारण एकदा दिलेला पत्ता परत घेता येत नाही. पोस्टातली भाड्याची पेटी हा चांगला मार्ग आहे. काही संस्था स्वतःचा पत्ता वापरू देतात, उत्तरं त्यांच्याकडे येतात आणि त्या तुमच्याकडे पाठवतात. यात आठवडाभर जास्त जातो, पण निर्धास्तपणा मिळतो. पेटी भाड्यानं घेण्याआधी एक गोष्ट तपासा: काही तुरुंग प्रेषक म्हणून पेटीचा पत्ता चालवून घेत नाहीत.

माणूस शोधणं आणि खात्री करणं

पत्रमैत्रीची व्यवस्थित घडी बसली आहे ती मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमध्ये. ब्रिटनमध्ये १९८८ साली यान एरियन्स यांनी सुरू केलेली लाइफलाइन्स ही संस्था अमेरिकेत मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या कैद्यांशी पत्रमैत्री जुळवून देते. अमेरिकेतली ब्लॅक अँड पिंक ही चळवळ समलिंगी, ट्रान्सजेंडर आणि एचआयव्हीबाधित कैद्यांसाठी आहे. राइट अ प्रिझनर हे संकेतस्थळ जाहिरातीच्या यादीसारखं चालतं: कैद्याची ओळख, फोटो, आवडीनिवडी, आणि पत्ता. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या अम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेच्या पत्रलेखन मोहिमा वेगळ्या. तिथे बहुतेक पत्रं सरकारांना जातात, आणि कैद्याला पाठवलेलं पत्र पाठिंब्याचं असतं. उत्तराची अपेक्षा ठेवायची नसते.

नवख्या माणसानं संस्थेमार्फत जावं हा आमचा ठाम सल्ला. संस्थेकडे नियमांची माहिती अद्ययावत असते, अडचण आली तर विचारायला कुणीतरी असतं, आणि तुम्हाला थांबायचं झालं तर त्या कैद्याला दुसरा पत्रमित्र मिळवून देता येतो. यादीच्या संकेतस्थळावर हे सगळं तुमच्या एकट्याच्या अंगावर येतं.

यादीतल्या ओळखीचा मजकूर बहुधा कैद्यानं स्वतः लिहिलेला असतो. तो खोटाच असेल असं नाही, पण सुटकेची तारीख, गुन्हा आणि सध्याचा तुरुंग या तीन गोष्टी सरकारी नोंदीत पाहाव्यात. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंग खात्याच्या शोधसुविधेत १९८२ पासूनच्या कैद्यांची नोंद सापडते. प्रत्येक राज्याची सुविधा निराळी. इंग्लंड आणि वेल्समध्ये असं खुलं शोधता येत नाही: तुम्ही सरकारी सेवेकडे अर्ज करता, आणि कैद्यानं होकार दिला तरच त्याचा ठावठिकाणा कळवला जातो. यादीतली ओळख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर माणूस दुसऱ्या तुरुंगात गेलेला असण्याची शक्यता धरूनच चाला.

पाकिटावरचा पत्ता

पत्रं परत येण्यामागे भावनेचा किंवा मजकुराचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा दोष पाकिटावरच असतो. क्रम साधारण असा:

पहिली ओळ: कैद्याचं पूर्ण नाव, तुरुंगाच्या नोंदीत आहे तसं. टोपणनाव नको.
दुसरी ओळ: कैदी क्रमांक.
तिसरी ओळ: तुरुंगाचं नाव, बराक किंवा विभाग माहीत असेल तर तोही.
त्याखाली: पत्ता, पिनकोड, देश.
डाव्या कोपऱ्यात वर: तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता.

कैदी क्रमांक हा नावापेक्षा महत्त्वाचा. मोठ्या तुरुंगात एकाच नावाचे तीन-चार जण सहज असतात. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगात हा क्रमांक आठ अंकी असतो: आधी पाच अंक, मग आडवी रेघ, मग तीन अंक. इंग्लंडमध्ये एक अक्षर, चार अंक, दोन अक्षरं. एक अंक चुकला की पत्र परत, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच्या हातात. हाच क्रमांक आतल्या प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यातही लिहा, कारण टपाल तपासताना पाकीट आणि कागद वेगळे होतात.

पत्राचा पत्ता आणि तुरुंगाचा पत्ता एकच असतो असंही धरू नका. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यानं २०१८ पासून कैद्यांचं सर्वसाधारण टपाल थेट तुरुंगात घेणं बंद केलं. ते फ्लोरिडातल्या एका खासगी केंद्रात जातं, तिथे स्कॅन होतं आणि कैद्याला त्याची छापील प्रत मिळते. मूळ कागद त्याच्या हातात कधीच येत नाही. त्यानंतर इतरही अनेक तुरुंगांनी हाच मार्ग धरला. म्हणून पहिल्या पत्राआधी त्या विशिष्ट तुरुंगाच्या संकेतस्थळावरचं टपालाचं पान उघडून वाचा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा वाचा. नियम बदलतात आणि तुम्हाला कुणी कळवत नाही.

कागद, शाई आणि टपाल खोलीची भीती

साधा पांढरा कागद, निळा किंवा काळा बॉलपेन, साधं पांढरं पाकीट. यापलीकडे जे काही ‘छान दिसेल’ म्हणून घालावंसं वाटतं, ते बहुतेक सगळं अडतं. नियम विचित्र वाटतात. त्यामागचं कारण कळलं की लक्षात राहतात.

कारण अमली पदार्थ. कृत्रिम गांजासारखी रसायनं द्रवात मिसळून कागदावर शिंपडतात, कागद वाळवतात आणि पत्र म्हणून पाठवतात. आत त्याचे तुकडे करून ओढले जातात. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाच्या पातळ पट्ट्या तिकिटाखाली, स्टिकरखाली, पाकिटाच्या चिकट कडेखाली लपवल्या जातात. त्यामुळे टपाल खोलीतल्या माणसाला कागदावरचा प्रत्येक डाग, थर आणि वास संशयास्पद वाटतो. अत्तर शिंपडलेला कागद, लिपस्टिकचा ठसा, मेणाचे खडू, जलरंग, चमकी, पांढरी खोडशाई, चिकटवलेली पत्त्याची चिठ्ठी, रंगीत जाड कागद, दुहेरी थराची भेटकार्डं हे सगळं याच एका कारणानं बाद होतं. टाचणी, स्टेपल आणि कागदाची क्लिप धातूची म्हणून. संगीत वाजणारं कार्ड त्यातल्या बॅटरी आणि तारेमुळे. झटपट छापून निघणारे पोलरॉइड फोटो त्यांचा मागचा थर सोलता येतो म्हणून.

साधे छापील फोटो बहुतेक ठिकाणी चालतात, पण एका पाकिटात किती याला मर्यादा असते. चार बाय सहा इंचांचे, दोन-तीनच पाठवा. मागे बॉलपेननं कैद्याचं नाव आणि क्रमांक लिहा. उघडं अंग, हातांच्या खुणा, दारूचा पेला, लहान मुलं, घराचा क्रमांक किंवा गाडीची नंबरप्लेट दिसणारे फोटो टाळा. पहिले तीन तुरुंगाला खटकतात, बाकीचे तुमच्या सुरक्षिततेला.

जिथे पत्र स्कॅन होतं तिथे आणखी काळजी. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, नाहीतर मागची शाई पुढे उमटते. पेन्सिल फिकट पडते. चारही बाजूंना बोटभर समास सोडा. कडेला लिहिलेले शब्द कापले जातात. अक्षर मोठं, सुटं. तुरुंगात कमी शिकलेली माणसं पुष्कळ असतात आणि सगळ्यांकडे चष्मा असतोच असं नाही, त्यामुळे सुटं अक्षर तसंही उपयोगाचं.

तिकिटं, कोरी पाकिटं, कोरे कागद पाठवणं फार उपयोगी वाटतं, पण बहुतेक तुरुंगांत ते जप्त होतं. तिकीट तर आत चलनासारखं फिरतं. पुस्तकं नवी, कागदी बांधणीची आणि थेट प्रकाशकाकडून किंवा विक्रेत्याकडूनच स्वीकारली जातात, हा सर्रास नियम आहे.

पहिलं पत्र

एक पान, फार तर दीड. पुढच्या पत्रांत हवं तेवढं लिहा, पण पहिल्याला उत्तर देणं सोपं वाटलं पाहिजे. भाषा कैद्याची असावी, आणि तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांना कळेल अशी असावी. न कळणाऱ्या भाषेतलं पत्र भाषांतरासाठी अडकून पडतं. वर तारीख आणि ‘पत्र क्र. १’ असं लिहा. हा क्रमांकाचा शिरस्ता शेवटपर्यंत ठेवा. पत्रं गहाळ होतात, एकमेकांना ओलांडून जातात, तीन एकदम पोचतात. क्रमांक असला की ‘चौथं मिळालं, तिसरं नाही’ असं दोघांनाही एका ओळीत कळवता येतं आणि रुसवेफुगवे टळतात. टाकण्याआधी पत्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उत्तर येईपर्यंत आपण काय विचारलं होतं ते विसरायला होतं.

मजकूर साधारण असा असू शकतो:

‘प्रिय …, यादीत तुमची ओळख वाचली. तुम्हाला घड्याळं दुरुस्त करायला आवडायचं असं त्यात होतं, म्हणून लिहावंसं वाटलं. मी शाळेत गणित शिकवतो. माझ्या खिडकीसमोरच्या झाडावर यंदा घारीनं घरटं केलंय. पिल्लू अजून उडत नाही, फांदीच्या टोकापर्यंत येतं आणि परत फिरतं. मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक पत्र लिहीन. पैसे किंवा वस्तू मी पाठवत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मनात काही राहायला नको. तुमच्या खटल्याबद्दल मी विचारणार नाही. घड्याळात सगळ्यात त्रास देणारा भाग कोणता असतो? आणि दुरुस्ती शिकलात कुणाकडून?’

यात काय आहे ते पाहा. ओळख कुठून मिळाली, हाच माणूस का निवडला, किती वेळा लिहिणार, काय करणार नाही, आणि दोन प्रश्न ज्यांची उत्तरं ‘हो’ किंवा ‘नाही’त संपत नाहीत. ‘तुमचं दुःख मी समजू शकतो’ असं यात कुठे नाही. ते वाक्य लिहू नका. आपल्याला ते समजत नसतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. उपदेश, धर्मप्रसार, ‘झालं ते चांगल्यासाठीच’ यांचंही तसंच. आणि घारीचं पिल्लू तिथे शोभेसाठी नाही. पुढच्या पत्रात तो विचारणार, ‘उडालं का?’ पत्रमैत्री अशाच धाग्यांवर टिकते.

पुढची पत्रं: काय लिहायचं

दोन-तीन पत्रांनंतर विषय संपल्यासारखे वाटतात. बाहेरचा माणूस संकोचतो: आपल्या सहलीबद्दल, समारंभाबद्दल लिहिलं तर त्याच्या जखमेवर मीठ नाही का? काही जणांना त्रास होतो, काहींना नेमकं तेच हवं असतं. तर्क लढवत बसू नका, सरळ विचारा: ‘मी बाहेरचं वर्णन केलेलं आवडतं का, की नको?’ ज्याला आवडतं त्याच्यासाठी एखाद्या साध्या रस्त्याचं वर्णन सोन्यासारखं असतं. दुकानाची फळी उघडतानाचा आवाज, पाऊस पडून गेल्यावर डांबरावर दिसणारे तेलाचे रंग, पहाटे कोण आधी उठतं. ज्या माणसानं दहा वर्षं झाड जवळून पाहिलेलं नाही, त्याला झाडाचं नाव सांगून भागत नाही. पानं वरून गडद, खालून पांढुरकी आणि वारा आला की सगळं झाड क्षणात रंग बदलतं, असं लिहा.

दर पत्रात त्याच्या मागच्या पत्रातल्या निदान दोन गोष्टींना उत्तर द्या. त्याचं पत्र शेजारी उघडून ठेवा आणि पेन्सिलनं खुणा करा. स्वतःचंच सांगत सुटणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक, आणि प्रश्नांची सरबत्ती ही दुसरी; चौकशीचा अनुभव त्या माणसाला पुरेसा आलेला असतो. तीन-चार प्रश्न बास.

गप्पा अडखळत असतील तर दोघांनी मिळून काहीतरी करा. एकच पुस्तक एकाच महिन्यात वाचणं, एखादी गोष्ट आळीपाळीनं पुढे नेणं, शब्दकोडं हातानं आखून पाठवणं. पत्रातून बुद्धिबळ तर फारच छान चालतं, पण त्यात एक खाच आहे. अक्षर-अंकांत लिहिलेल्या चाली तपासणाऱ्याला सांकेतिक मजकूर वाटू शकतात आणि पत्र अडू शकतं. म्हणून वर स्पष्ट लिहा, ‘बुद्धिबळाचा डाव, चाल क्र. ५’, आणि खाली पट आखून सोंगट्यांची नावं घरात भरा. महिन्याला एक चाल या वेगानं डाव वर्षानुवर्षं संपणार नाही, तेव्हा शर्तीच्या चाली लिहा: ‘तू घोडा पुढे आणलास तर माझा उंट मागे, प्यादं खाल्लंस तर वजीर तिरका.’ एका पत्रात दोन-तीन चाली होतात.

काय लिहायचं नाही

ज्याचा खटला किंवा अपील चालू आहे त्याच्याशी खटल्याबद्दल एक शब्दही नको. तुमच्या-त्याच्यातला पत्रव्यवहार गोपनीय नसतो; वकिलाशी असलेल्या पत्रव्यवहाराला असतं तसं संरक्षण त्याला नाही. ‘त्या रात्री नेमकं काय झालं?’ या निरागस प्रश्नाचं उत्तर पुरावा म्हणून कोर्टात येऊ शकतं. त्यानं आपणहून लिहायला घेतलं तर थांबवा: ‘हे मला लिहू नका, वकिलांना सांगा.’

तुरुंगाची रचना, पहाऱ्याच्या वेळा, इतर कैद्यांची नावं, अधिकाऱ्यांबद्दल शेरे हेही नको. तुम्ही सहज विचारलेलं असतं, त्रास त्याला होतो. त्याच्या गुन्ह्याच्या बातमीची कात्रणंसुद्धा पाठवू नका. ती दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तर आत त्याच्या जिवावर बेतू शकतं.

पैसे, निरोप आणि प्रेम

पैशांची मागणी येणारच नाही असं नाही, आणि ती आली म्हणजे माणूस ठकच आहे असंही नाही. आतल्या कमाईचा हिशेब पाहा: अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगात साध्या कामाची मजुरी तासाला १२ ते ४० सेंट आहे. परदेशी पत्राचं तिकीट दीड डॉलरच्या वर. किमान मजुरीवर काम करणाऱ्याला तुमच्या एका पत्राच्या उत्तरासाठी बारा तासांहून जास्त राबावं लागतं. म्हणून परदेशातून लिहिणाऱ्यानं उत्तर उशिरा आलं तर मनाला लावून घेऊ नये.

तरीही आमचं मत स्पष्ट आहे: निदान पहिलं वर्ष पैसे पाठवू नका. पैसे आले की पत्रमित्र देणेकरी होतो आणि पत्रांचा सूर बदलतो. नंतर कधी द्यावेसे वाटले तर तुरुंगाच्या अधिकृत मार्गानं, त्याच्याच खात्यात, आणि गेले तर गेले म्हणता येतील एवढेच. काही संस्थांच्या नियमांत पैसे पाठवणं मुळातच बसत नाही, ते पाळा. पुढच्या गोष्टी मात्र धोक्याची घंटा आहेत: पैसे दुसऱ्या कैद्याच्या किंवा बाहेरच्या ‘बहिणीच्या’ खात्यात घालायला सांगणं, ‘सुटकेसाठी तातडीनं भरायची रक्कम’, आजपर्यंत कधीच नसलेली घाई, आणि नकार दिल्यावर अबोला. उत्तर एकच, छोटं आणि प्रत्येक वेळी तेच: ‘मी पैसे पाठवत नाही. पत्रं मात्र येत राहतील.’ लांबलचक कारणं दिलीत तर प्रत्येक कारणावर तोडगा येतो.

निरोप्या होऊ नका. एका कैद्याचं पत्र दुसऱ्याला पोचवणं बहुतेक तुरुंगांत निषिद्ध आहे, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये कैदी-कैदी पत्रव्यवहारावरचे निर्बंध वैध ठरवले आहेत. बाहेरच्या कुणाला ‘फक्त एवढंच सांग’ ही विनंती त्याहून गंभीर. तो बाहेरचा माणूस गुन्ह्यातला पीडित किंवा साक्षीदार असू शकतो, आणि न्यायालयानं संपर्काला बंदी घातलेली असू शकते. त्या वेळी अडकाल तुम्ही.

प्रेमाचं म्हणाल तर, एकटेपणात जिव्हाळा झपाट्यानं वाढतो आणि दोन्ही बाजूंनी वाढतो. मैत्रीच हवी असेल तर ते पहिल्याच पत्रात लिहा. सूर बदलतोय असं दिसताच पुढच्याच पत्रात शांतपणे पुन्हा लिहा. ‘दुखावेल’ म्हणून तीन पत्रं गप्प राहिलात, तर त्या गप्पपणाचा अर्थ होकार असा लावला जातो. तुरुंगात पत्र एकदाच वाचलं जात नाही, पन्नासदा वाचलं जातं. प्रत्येक मोघम शब्दाला तिथे अर्थ फुटतात.

उत्तर येत नाही तेव्हा

जाणं, तपासणी, वाटप, लिहिणं, पुन्हा तपासणी: यात चार ते आठ आठवडे सहज जातात. तोवर काळजी नको. त्यानंतर कारणं अनेक: दुसऱ्या तुरुंगात बदली, सगळा तुरुंग बंदिस्त करून ठेवलेला, शिक्षा म्हणून एकांत कोठडी, आजारपण, तिकिटाला पैसे नसणं, किंवा नुसतं मन नसणं. आधी सरकारी नोंदीत तो अजून तिथेच आहे का पाहा. मग ठरलेल्या वेळी पुढचं पत्र पाठवा, तक्रारीचा सूर न लावता: ‘उत्तर आलं नाही, काही हरकत नाही. सवड मिळेल तेव्हा लिहा.’ असं तीन पत्रांपर्यंत करावं.

पाकीट परत आलं तर त्यावरचा शिक्का किंवा चिठ्ठी वाचा. क्रमांक चुकला, माणूस हलवला गेला, सुटला, पत्र नाकारलं, नियमात बसलं नाही, यांपैकी काय ते बहुधा लिहिलेलं असतं. वस्तूमुळे अडलं असेल तर ती काढून तेच पत्र पुन्हा पाठवा. मजकुरामुळे अडलं आणि कारण पटत नसेल तर तुरुंगाला लेखी विचारता येतं. अमेरिकेत १९७४ च्या एका निकालानं हे स्पष्ट केलं की पत्र अडवल्यास कैद्याला कळवावं, लिहिणाऱ्याला आक्षेप घेण्याची संधी द्यावी, आणि त्या तक्रारीचा निवाडा मूळ निर्णय घेणाऱ्यापेक्षा वेगळ्या अधिकाऱ्यानं करावा.

जिथे इलेक्ट्रॉनिक संदेशांची सोय आहे तिथे ती पत्राच्या जोडीला वापरा. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांत कॉरलिंक्स या संदेशसेवेवरून संदेश जातात. सुरुवात कैद्यानं करावी लागते: तो तुमचा ईमेल यादीत घालतो, मग तुम्हाला निमंत्रण येतं. एका संदेशात १३,००० अक्षरं बसतात, फोटो जोडता येत नाही. संगणकासमोर बसून वाचण्या-लिहिण्याचे मिनिटाला पैसे कैदीच भरतो, म्हणून संदेश आटोपशीर आणि पत्र ऐसपैस अशी वाटणी बरी. शिवाय संदेश उशाशी ठेवता येत नाही.

जीव द्यावासा वाटतो असं पत्र आलं, किंवा कुणी मारहाण करतंय असं, तर उत्तर लिहायला बसण्याआधी तुरुंगाला फोन करा. तारीख जुनी असली तरी करा. नाव, क्रमांक, पत्राची तारीख आणि नेमके शब्द वाचून दाखवा. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा. इंग्लंड-वेल्समधल्या तुरुंगांत यासाठी कैदी-सुरक्षा विभाग असतो. इतर ठिकाणी कर्तव्यावरचा अधिकारी किंवा तुरुंगातला धर्मगुरू मागा. मारहाणीच्या तक्रारीत मात्र त्यानं तुम्हाला कुणाला सांगायला मनाई केली आहे का ते पाहा, आणि संस्थेमार्फत जा. चुकीच्या माणसाला कळवल्यानं मार वाढू शकतो. मग पत्र लिहा, त्याच दिवशी.

सुटका आणि थांबणं

सुटकेच्या तीन-चार महिने आधी बोलून ठेवा: नंतर लिहायचं का, कोणत्या पत्त्यावर, भेटायचं का. सुटलेल्या माणसावर कुणाशी संपर्क ठेवायचा, कुठे राहायचं याच्या अटी असू शकतात, त्या त्यालाच विचारा. राहायला घरी बोलावण्याचं वचन पत्रातून देऊ नका. पुष्कळ जण सुटल्यावर लिहीत नाहीत. पत्रमित्र हा तुरुंगातल्या दिवसांचा भाग असतो आणि ते दिवस त्यांना मागे टाकायचे असतात. त्याचा राग धरू नये.

तुम्हालाच थांबावं लागलं तर सरळ कळवा. ‘माझं पुढचं पत्र शेवटचं असेल’ असं एका पत्रात लिहा, म्हणजे त्याला उत्तर द्यायला जागा राहते. मग शेवटचं लिहा. कारण खरं आणि थोडक्यात द्या, आणि त्याचा दोष नसेल तर तेही लिहा. संस्थेला कळवून नवा पत्रमित्र शोधायला सांगा. धमकी किंवा छळामुळे थांबत असाल तर निरोपाचं पत्र लिहिण्याची गरज नाही. संस्थेला आणि तुरुंगाला लेखी कळवा की या कैद्याची पत्रं मला नकोत. ती ते थांबवू शकतात.

त्याची पत्रं टाकून देऊ नका. कोठडीत किती कागद ठेवायचे याला मर्यादा असते आणि बदलीच्या धावपळीत पेट्या गहाळ होतात. त्यानं तुम्हाला पाठवलेली कविता किंवा चित्र ही त्याची एकमेव प्रत असू शकते. थांबण्याआधी विचारा, प्रती काढून परत पाठवू का, की तो सांगेल त्या नातेवाइकाकडे देऊ. नातेवाइकाचं नाव आलं तर तिथे संपर्काची बंदी नाही याची संस्थेकडून खात्री करून घ्या.